खिडकीतून पाहिलेलं आभाळ

१४ जानेवारी

माझा आतेभाऊ एवॉन पडला! म्हणजे चालवत होता त्या विमानासकट. जिवंत आहे. खांद्याचं हाड मोडलंय, तोंड शाबूत — बेथेल शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत शिव्या देत होता. धावपट्टीच्या दोनशे पावलं अलीकडे, गोठलेल्या तळ्यावर आदळला. पंखांवर बोटभर बर्फ! उतरायला वेग कमी केला आणि विमान धोंड्यासारखं खाली बसलं.

सोबत एकटी ओलिंकाआजी, बेथेलहून नवी कवळी घेऊन येत होती. विमान घसरताना ना देवाचं नाव, ना खुर्चीचा आधार — दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं! म्हणते, ‘हाडं आपली आपण जुळतात गं. दातांसाठी आठ महिने थांबले होते.’

१५ जानेवारी

लिहूनच टाकते. गावचं हवामान सांगायचं काम माझं. उतरण्याआधी वैमानिक रेडिओवर मलाच विचारतात. काल एवॉनने विचारलं, ‘ताई, बाहेर काय?’ मी पत्ते खेळत होते. माझी बहीण झेनिया तीन महिन्यांत पहिल्यांदा हरत होती! कोण उठतंय? खिडकीतून पाहिलं. ‘ढग आहेत, बाकी छान. ये.’

बाहेर भुरभुर पडत होती, लागेल तिथे गोठणारी. दार उघडलं असतं तर पायरीवरच आपटले असते.

१७ जानेवारी

विमान अपघाताचा तपासनीस आला. होम नावाचा, लांबुडका. शाळेच्या जमिनीवर झोपतो. चरबीत घोळलेल्या बेरी दिल्या तर भिडेखातर तीनदा वाढून घेतल्या — आता चेहरा हिरवा!

म्हणाला, ‘तुमचा आतेभाऊ सांगतो, तुम्ही त्याला बर्फाचं बजावलं होतं. त्यानेच ऐकलं नाही.’

मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे काही बोलणं नव्हे!

१८ जानेवारी

एवॉनला फोन केला. ‘खोटं का बोललास रे, गाढवा?’

‘तुझी नोकरी गेली तर मला फुकट कॉफी कोण पाजणार, ताई?’

‘आणि तुझा परवाना?’

‘काही महिने काढून घेतील. डोकं नाही असं लिहितील. गावाला ते आधीच ठाऊक आहे.’

दोघं पोट दुखेस्तोवर हसलो. त्याचा खांदाही दुखला.

२० जानेवारी

गावात मी एकदम शहाणी झाले! शेजाऱ्यांनी वाळवलेला सॅमन आणून दिला. दुकानात एवॉनच्या नावाने टवाळी — ‘बाईमाणसाचं ऐकलं नाही की तळ्यात बसावं लागतं.’ सॅमन खाल्ला. दोन घासांनंतर जाईना. उरलेला झेनियाच्या कुत्र्याला.

२१ जानेवारी

काही नाही. पत्ते खेळले नाही.

२२ जानेवारी

ओलिंकाआजी आली. कवळी सैल पडते, परत बेथेलला जायचंय. नवा वैमानिक शुक्रवारी येणार. म्हटलं, ‘आजी, भीती नाही वाटत?’

‘तुला विचारून निघेन ना! तू ये म्हणालीस की डोळे मिटून बसते.’ आणि माझा गालगुच्चा घेतला, मी अठ्ठावन्नची असून.

२३ जानेवारी

होमला सगळं सांगितलं. एवॉनने फोन आपटला — खोटा जबाब दिला म्हणून आता त्याचीही चौकशी. सोमवारपासून रेडिओ झेनियाकडे. तिला एवढंच शिकवलं: हातमोजा काढ, बाहेरच्या पत्र्यावर तळवा ठेव, मग बोल.