गिअरबॉक्सचं काळं तेल

१२ फेब्रुवारी

आज परत तेच! अंतेलियासच्या पुलावर गिअर सुटला. इंजिन बोंबलतंय आणि टॅक्सी जागची हलत नाही. मागून हॉर्नवर हॉर्न. मागच्या सीटवर तिघं, पुढे एक बाई, मांडीवर लिंबांची पिशवी घेऊन. म्हणते, "काका, दमलं कोण – गाडी की तुम्ही?" पाय उचलला, परत हळूच दाबला, तेव्हा कुठे गचका खाऊन निघाली.

प्रवासी उतरवले आणि तडक बुर्ज हम्मूदला झारेहच्या गॅरेजवर. ही गाडी घेतल्यापासून तिला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. खुर्चीत बसूनच म्हणाला, "गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी काढून आण इकडे." आणली. माझ्या नाकाशी धर म्हणाला. धरली.

"करपलंय. काळं कुळकुळीत झालंय."

"मग बदल की!"

"नाही बदलायचं."

"का रे बाबा?"

"आतल्या प्लेटा घासून गुळगुळीत झाल्यात, नजीबच्या बापा. त्यांचाच भुगा या तेलात आहे. त्या भुग्याच्या जोरावर त्या एकमेकींना धरून आहेत. नवं तेल घातलंस की सगळं धुऊन निघेल. मग बस ढकलत! वेळेवर बदल म्हणून सांगत होतो तेव्हा कान कुठे ठेवले होतेस? आता उशीर झाला. आता हात लावायचा नाही."

त्याने सांगितलं म्हणजे संपलं. आलो घरी.

१५ फेब्रुवारी

पाऊस. गाडी कशीबशी रेटली. दोनदा सुटला गिअर.

२१ फेब्रुवारी

जेवताना नुहाद सुरू झाली. आज भावाकडे जायला तीही गाडीत होती, चौकात मधोमध बंद पडल्यासारखी उभी राहिली गाडी, आणि शेजारच्या ट्रकवाल्याने काय काय ऐकवलं! – तेव्हापासून गप्प होती. ताटात मसूर वाढला आणि फुटली.

"तेल बदला नाहीतर गाडी विका."

"झारेह नको म्हणतो."

"झारेह! झारेह! त्याच्याशीच लग्न करायचं होतं, मला कशाला आणलंत?"

"तो स्वयंपाक करत नाही."

हसली नाही. म्हणाली, "सगळी दुनिया तेल बदलते. तुमचाच उस्ताद जगावेगळा. म्हातारा झालाय तो, त्याला कंटाळा आलाय कामाचा. बघत नाही का, त्याच्या गॅरेजमध्ये ती निळी गाडी नाताळपासून तशीच जॅकवर आहे."

ते खरं आहे. निळी गाडी तशीच आहे.

२६ फेब्रुवारी

परत झारेहकडे गेलो. म्हटलं, निदान उघडून तरी बघ. एकदा खाली शीर. तर चिडला! "मी सांगतोय ते पुरेसं नाही? उघडून काय दिसणार मला, जे वासावरून कळत नाही?" मी म्हटलं, पोटावर पाय येतोय लेका, उद्या कायमची बसली तर खाऊ काय? तर तोंड फिरवून म्हणाला, "हळू चालव. चढावर नेऊ नकोस. वर्षभर काढेल."

इतक्या वर्षांत असं कधी बोलला नव्हता. पूर्वी मी नको नको म्हणायचो आणि हा आधीच गाडीखाली शिरलेला असायचा.

४ मार्च

बदललं!

झारेहला न सांगता. हमरस्त्यावर ते नवं गॅरेज झालंय, काचांचं, तिथे नेली. एली नावाचा तिशीतला पोरगा. मी त्याला झारेहचं म्हणणं सांगितलं – भुगा, प्लेटा, सगळं. तो हसला. "काका, ह्या जुन्या लोकांच्या समजुती. घाण तेलाने कधी कुणाचं भलं झालंय का?" खालून सोडलं तेव्हा बघितलं – डांबर! करपल्याचा वास.

आणि आता गिअर असा पडतो की कळतसुद्धा नाही! झ्बायेपर्यंत गेलो, आलो. एकदाही सुटला नाही. नुहाद म्हणाली, "बघा." एवढंच. पण कशी म्हणाली!

आनंद व्हायला हवा. होतोय. पण बुर्ज हम्मूदच्या रस्त्याने आलो नाही, लांबून वळसा घालून आलो – चोरासारखा.

९ मार्च

आज झारेहने पकडलं. टाळून टाळून किती टाळणार! दारात गाडी लावली. उतरायच्या आत तो आतून म्हणाला, "कुणी बदललं?"

नुसत्या आवाजावरून ओळखलं.

मी म्हटलं, रागावू नकोस. तो म्हणाला, "रागावलो नाही." मग, "किती दिवस झाले? – पाच? बरं." बस. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निघालो तर वर जिन्यात सिरवार्तताई उभी. झारेहची थोरली बहीण. दोघंही बिनलग्नाची, गॅरेजच्या वरच राहतात. मला वर बोलावून बाजूला घेतलं, आवाज खाली आणला.

"अबू नजीब, त्याला बोलू नका काही. त्याचे हात गेलेत."

"गेलेत म्हणजे?"

"थरथरतात. नाताळपासून पाना धरता येत नाही. चमचासुद्धा मी भरवते, दार लावून. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला."

खाली आलो तेव्हा तो खुर्चीत बसला होता. दोन्ही हात कोटाच्या खिशात. मी रोज बघत होतो ते खिसे! थंडी आहे म्हणून, असंच वाटायचं.

१० मार्च

झोप नाही. म्हणजे ते भुगा, प्लेटा – सगळी थाप! गाडीखाली शिरता येत नाही हे सांगायची लाज, म्हणून माझ्या गाडीला मरू देत होता. मला! माझ्यापासून लपवलं! उद्या गाडी बसली असती तर?

नुहादला सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हते? तर ती बाहीने डोळे – नाही, कांदा चिरत होती. कांदाच असेल.

१८ मार्च

झारेहच्या गॅरेजचं शटर बंद. शेजारचा खिम्याच्या रोट्या भाजणारा लहमाजूनवाला म्हणाला, "उस्तादने बंद केलं. निळी गाडी मालक ओढून घेऊन गेला." कधी? "तुम्ही येऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

२ एप्रिल

गेलो नाही अजून. राग गेलाय, पण पाय निघत नाही.

गाडी उत्तम.

८ एप्रिल

ईस्टर झाला. नुहादने खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांचं ताट हातात दिलं. "जा. ताट रिकामं घेऊन या, आणि तोंड पाडून येऊ नका."

गेलो. सिरवार्तताईने दार उघडलं आणि आत निघून गेली. झारेह खिडकीशी. दाढी वाढलेली. आज हात खिशात नव्हते, मांडीवर होते. दोन चिमण्या धरून ठेवल्यासारखे फडफडत होते. त्याने लपवले नाहीत. मीच दुसरीकडे बघितलं.

मामूलचं ताट खिडकीत ठेवलं. शेवटी मी म्हटलं, "हे बघ, झारेह. तू खोटं का बोललास ते मला कळलंय. मी मनात काही ठेवलेलं नाही. झालं गेलं. माफ केलं तुला."

त्याने माझ्याकडे बघितलं. वाटलं, काहीतरी बोलणार. ओठ हलले. मग हसला – त्याचं ते एका बाजूचं हसू. म्हणाला, "बरं केलंस."

मी मामूल मोडून त्याच्या तोंडात घातलं. त्याने खाल्लं. पिठीसाखर मिशीवर सांडली, मी पुसली. दोघांनाही रडू आलं आणि दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं. गाढव लेकाचे आम्ही दोघंही!

निघताना म्हणाला, "गाडी चढावर नेऊ नकोस, नजीबच्या बापा. उन्हाळा येतोय."

अजूनही उस्तादकी सुटत नाही! मी म्हटलं, "हो रे, हो."

१६ एप्रिल

आज त्याला गाडीत पुढे बसवून समुद्राकाठाने फिरवलं. प्रवासी घेतले नाहीत. डोळे मिटून इंजिन ऐकत होता. मधेच विचारलं, "तिसरा पडताना काही जाणवतं का तुला?" म्हटलं, काही नाही, लोण्यासारखा पडतो. "हं," म्हणाला. मला हसू आलं. हात गेले तरी खोड जात नाही.

परत येताना झोपला. मान माझ्या खांद्यावर. तसाच चालवत राहिलो.

३ मे

झारेह गेला.

काल दुपारी. खुर्चीतच. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणतात. सिरवार्तताई कॉफी घेऊन आली तर मान कललेली.

५ मे

आर्मेनियन चर्चमध्ये झालं सगळं. सिरवार्तताईला माझ्याच गाडीतून नेलं, आणलं. लोक हात हातात घेऊन म्हणत होते, तुमचा तर भाऊच गेला. मी हो म्हणत होतो. कडू कॉफी पीत होतो, परत हो म्हणत होतो.

दारात सोडलं तेव्हा सिरवार्तताई म्हणाली, "रोज तुमच्या गाडीबद्दल विचारायचा. अबू नजीबची गाडी चालतेय ना? रोज सकाळी. खिडकीतून तुम्ही जाताना दिसलात की मगच नाश्ता करायचा."

त्या खोटेपणाचं मनाला लागून राहिलं असणार त्याच्या. मी सांगितलं होतं ना त्याला, माफ केलं म्हणून! तरीही मन खात असणार. बिचारा.

२० मे

शटरवर कुणीतरी मोबाइल दुरुस्तीचा बोर्ड लावलाय.

११ जून

बिकफायाच्या चढावर गाडी बसली. गिअर पडेचना, एकही. ओढून एलीच्या गॅरेजमध्ये नेली. त्याने दिवसभर लावून गिअरबॉक्स उघडला. आतली झिजलेली काळी चकती माझ्या हातात ठेवून, आपण त्या दिवशी हसलो होतो ते विसरून म्हणाला, "प्लेटांवर काही उरलंच नाही, काका. जुन्या तेलातल्या भुग्यावरच चालली होती तुमची गाडी. ते काढायलाच नको होतं. आत असं असेल हे मला बाहेरून काय कळणार? कुणीतरी जुनाजाणता, गाडी ओळखणारा मेकॅनिक असता, त्याला आधी विचारायचं होतंत."

विचारलं होतं.

आणि मी त्याला माफ केलं!