जावयाकडे पाठ

सोमवार, ६ जून १९३८

आणि वर साहेब मलाच विचारतो, म्हातारे, कॅमेऱ्याला पाठ का दाखवतेस? मग काय करू? समोरून घोड्यावर डेल्बर्ट येतोय, माझ्या लोरेनाचा नवरा. सासूनं जावयाचं तोंड बघायचं नाही, जावयानं सासूचं नाही, बोलायचं तर नाहीच. आम्हा अपाचींच्या शेंबड्या पोरालाही कळतं हे. हासकेल साहेब आमच्या आणि घोडदळाच्या लढाईचा पिक्चर काढायला निघालाय, त्याला नाही कळत. कबूल केलं होतं सरदाराच्या बायकोचं काम. दिलं काय, तर पातेलं ढवळायला. या उन्हात घोंगडी पांघरून. उद्या तोंडावर सुनावणार.

मंगळवार, ७ जून

सुनावलं नाही. साहेब आपणहून गोड बोलला. उद्या हल्ल्याच्या वेळी काही गडबड न करता बसलीस, तर तुझा चेहरा जवळून घेतो म्हणाला. सरदाराची बायको म्हणूनच. माणूस वाईट नाही.

दुपारी कोरड्या ओढ्यात दोघं जण झुडपांआड तार बांधत होते. घोड्याच्या गुडघ्याइतकी उंच. माझा भाऊ वेंडेल इथं दुभाषा आहे, त्याला विचारलं. हसला. "अक्का, उद्या तिथं घोडे पाडणार. घोडदळाचे नाहीत हं. पडायचं ते आपणच." पडणारे स्वार पिक्चर कंपनीचे, शिकलेले. त्यांना जागा ठाऊक. डेल्बर्ट मागच्या रांगेत.

संध्याकाळी कपडेवाली बाई म्हणाली, करड्या घोड्यावर तुझा जावई उठून दिसतो, साहेबानं त्याला पुढच्या रांगेत घेतलंय. वेंडेल तेव्हा घरी गेलेला, नाहीतर त्याच्याकरवी निरोप दिला असता. तारेचं डेल्बर्टला कोणीतरी सांगेलच. कंपनीचं कामच आहे ते.

लोरेनाला सांगणार होते. ती आली ती टोमणा मारतच, आई, या वयात नटी झालीस म्हणे. डोकं फिरलं. नाही सांगितलं. सकाळी नक्की.

बुधवार, ८ जून. सकाळ

डेल्बर्ट दहा पावलांवर घोड्याला पाणी पाजतोय. तोंड पलीकडे वळवून. रीतीला पक्का पोरगा. मीही घोंगडी डोक्यावरून ओढली. रीत म्हणजे रीत.

वेंडेल शेजारीच कॉफी पीत होता. त्याला सांगणार, तेवढ्यात साहेबाचा माणूस आला, केस नीट कर म्हणाला. बघता बघता वेंडेल गेला. सांगीन दुपारी.

बुधवार. दुपार

करडा घोडा पडला. डेल्बर्ट त्याच्या खाली. बाकीचे उठले, धूळ झटकली, एकानं विडी पेटवली. हा नाही उठला.

मी रडत होते. साहेब ओरडला, झकास, अशीच रडत राहा.

डेल्बर्टला फळीवर घालून माझ्या समोरूनच नेलं. मी पाठ केली.

शुक्रवार, १० जून

कमरेखाली काही हलत नाही म्हणे.

दवाखान्यात जावई, म्हणजे मला उंबऱ्याच्या आत जाता येत नाही. तरी ओकच्या झाडाची बोंडं कुटून रस्सा केला, वेंडेलबरोबर पाठवला. मी काही हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. रस्सा तसाच परत आला. झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

वेंडेल खाली बघून बोलत होता. पिक्चरमधल्या माझ्या चेहऱ्याचं विचारलं. म्हणाला, नाही घेतला, नुसती घोंगडी दिसते. मग लोरेनाचा निरोप सांगितला. "आईला म्हणावं, रीत जावयाशी न बोलण्याची आहे. मामाशी न बोलण्याची नाही. माझ्याशीही नाही."

आईशी बोलायची ही पद्धत? तार माझी होती का? मी बांधली? पुढच्या रांगेत मी घेतलं त्याला? सगळा दोष त्या हासकेलचा. उगाच माझ्यावर ढकलायचा नाही.

वेंडेलला तसाच माघारी धाडलाय. लोरेनाला विचार म्हणावं, दोष त्याचा की माझा. रविवारपर्यंत उत्तर पाहिजे. माझा म्हणायचं असेल तर माझा म्हण. पण रविवारपर्यंत काहीतरी बोल.