सेकंदाला पाच

ता. ४ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. एप्रिलच्या बारा तारखेला तुम्ही मला भेटायला डोंगरावरच्या केंद्रात आलात.

२. विरळ हवेत माणसाचे हात किती थरथरतात, हे आम्ही इथे मोजतो. तुम्ही हौसेने खुर्चीत बसलात. मी तुमच्या उजव्या हाताला यंत्राची वायर लावली.

३. प्राणवायू कमी पडला की कोणाचाही हात जास्त थरथरतो, पण बारीक आणि भरभर, सेकंदाला आठ-दहा वेळा. तुमच्या आलेखात ती थरथर होतीच. शिवाय सेकंदाला पाचची एक ठळक लाट होती, हात मांडीवर नुसता टेकलेला असतानाही.

४. तुम्ही घड्याळ उजव्या मनगटाला बांधता, जगाच्या उलट. किल्लीचं घड्याळ सेकंदाला पाचदा टिकटिकतं, हे तुम्हीच आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मला शिकवलंत. बाहीखाली न पाहताच ती लाट घड्याळाची समजून मी आलेखातून गाळून टाकली. खाली उतरलात की हात थांबेल, असं तुम्हाला सांगितलं.

५. परवा आलेख पुन्हा तपासला. मनगटावरचं घड्याळ हात एवढा हलवू शकत नाही.

एकच विचारते. त्या दिवशी घड्याळ हातात होतं का?

आईला नमस्कार. लोभ आहे तसाच असू द्यावा.

आपली लेक

ता. ११ जून

चि. मोजणीबाई हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, पोरीने बापाचा पंचनामा केलाय, खाली सह्या तेवढ्या घ्यायच्या राहिल्या.

घड्याळ नव्हतं. हात स्थिर राहत नसल्याने पट्ट्याचं बक्कल महिनाभर लागत नव्हतं, म्हणून घरीच ठेवून आलो होतो. तू तेव्हा विचारलं असतंस तर सांगितलं असतं. नाही, खोटं कशाला लिहू, सांगितलं नसतं. तू उंचीचं कारण दिलंस आणि मला इतकं हायसं वाटलं की उतरताना गाडीत गुणगुणत होतो.

दोन महिने झाले, हात काही डोंगर उतरायला तयार नाही. मंगळवारी केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून उडाली. तासभर फरशीवर रांगत होतो. आई म्हणाली, बरं झालं, कोपरे तरी साफ झाले. गिऱ्हाइकांना सांगतो, लेकीकडे वर गेलो होतो, तिथली हवा बाधली. त्यांना पटतं. मलाही पटत होतं.

दुकान इतक्यात बंद कर म्हणू नकोस. जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती पत्रात किती लिहायची?

तुझा बाबा

ता. १७ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर पहिल्या ओळीत नेहमीचं आहे, शेवटी मुंगीएवढं झालंय. शेवटच्या चार ओळी भिंगाखाली वाचल्या.

चूक माझी आहे. इथे येणाऱ्या प्रत्येकाचा हात आम्ही आधी खाली मोजतो, मग वर. त्याशिवाय फरक कळत नाही. तुमचा खाली मोजला नाही. तुम्ही पाहुणे होतात, वडील होतात, आणि मला तुम्हाला माझी खोली दाखवायची घाई होती. एरवी कोणाच्याही आलेखातली लाट मी न विचारता गाळली नसती.

गाळलेली लाट आता परत जोडली आहे. आजाराचं नाव मी घेणार नाही, ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं. औषधाने बऱ्याच जणांचे हात पुष्कळ दिवस कामाचे राहतात, एवढं त्यांनी फोनवर सांगितलं. त्यापुढे मी काही बोलणार नाही. एकदा धीर दिला, त्यात तुमचे दोन महिने गेले.

गिऱ्हाइकांना हवेचं कारण सांगू नका. दुकान बंद करा, असंही मी म्हणत नाही.

मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ तीस जूनला सकाळी अकराची मिळाली आहे. मी रजा घेऊन आदल्या दिवशी घरी येते. आईलाही बरोबर घेऊ. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी निघणार नाही.

रागावला असाल तर तसं लिहा, पण लोभ तोडू नये. चोवीस तारखेपर्यंत उत्तर पाठवा.

आपली लेक