बाळंतिणीच्या खोलीतली खेळती हवा

महाड, १५ डिसेंबर १९९८

ती. रावजी भावोजी यांस गंगाधरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि काळी म्हैस (आक्का विचारते त्याच्या उलट क्रमानं विचारतोय) दोन्ही बरी असतील अशी आशा आहे. इकडे आमची सई आणि तिचा बारा दिवसांचा मुलगा खुशाल आहेत. विनीताचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाची सगळी भिस्त तुमच्या घरच्या मंडळींवर, म्हणजे आमच्या आक्कावर.

आक्कानं आल्याबरोबर खोलीची खिडकी लावली, वरच्या झरोक्यात गोणपाट कोंबलं आणि शेगडीवर ओव्याची धुरी धरली. डॉक्टर येऊन म्हणाले, खोली व्हेंटिलेट करा. इंग्रजीच्या मास्तरापुढं असं क्रियापद टाकणं म्हणजे मांजरापुढं बोंबील टाकणं. मी कोश काढून आक्काला अर्थ समजावले: पहिला, खोलीत ताजी हवा आणणे, दुसरा, मनातली तक्रार चारचौघांत मांडणे. दोन्ही वाक्यांत वापरूनही दाखवले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोराला वारा लागला तर तुजं बुक पांगरूण घालनार हाय काय रे?"

मला राग आला. ती आंघोळीला गेल्यावर गणू सुताराला बोलावून मी खिडकीची दारंच उतरवली. हवा आली, भावोजी, पण तिच्यामागून एस.टी.ची वाट पाहणारी मंडळीही आली. (आमचं घर स्टँडसमोर आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं.) गजांतून डोकावून कुणी नाक बापाचं ठरवलं, कुणी नाव सुचवलं, एका बाईनं तर सईला गुटी उगाळायला शिकवता शिकवता विन्हेऱ्याची गाडी चुकवली. आक्कानं मीठ-मोहऱ्यांनी बाळाची दृष्ट काढली आणि स्वतःचं गाठोडं बांधलं. मला न्यायला या, असा तुम्हाला निरोपही तिनं पोलादपूरच्या कंडक्टरबरोबर धाडला आहे. तेव्हापासून ती बाळाला घेत नाही, आणि बाळ दुसऱ्या कुणाकडे गप्प राहत नाही. खरं सांगतो, मला धास्ती वाटते. ती गेली तर आम्हा तिघांना हे पोर आवरायचं नाही.

तुमचा,
गंगाधर

ता. क. दारं पुन्हा बसवली, तरी गाठोडं सुटलेलं नाही. कृपा करून आठवडाभर तुमची गाडी चुकू द्या.

ता. क. २. सई आत्ता सांगते, की आक्का पहिल्या दिवसापासून रोज पहाटे तिला नि बाळाला स्वयंपाकघरात चुलीजवळ बसवते आणि खोलीची खिडकी तासभर सताड उघडी ठेवते. गोणपाटही काढते. मी साडेसातला उठतो. माफी मागायला गेलो, तर तिनं बाळ माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "जा, तुजी शाळा भरंल." गाठोडं अजून दाराशीच आहे. तेव्हा गाडी चुकवाच.