देवमाशाचं वशिंड

कुंभारी. मंगळवार, दिवेलागण.

परदेशातले समुद्रकाठचे आदिवासी लाकडात देवमासा कोरतात. सोलापूरला कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीला तसाच हवा होता. मी समुद्र कधी बघितला न्हाई, जन्मभर कोरले ते बैल. तरी फोटो बघून "करतो की" म्हणालो. का म्हणालो?

हात सवयीनं चालला आणि माशाला वशिंड आलं. दुपारभर तासलं, तरी वशिंड ते वशिंडच. बायको म्हणाली, "अवं, शेपटीला गोंडा ऱ्हायला की!"

आत्ता पुतणी आली. मी वशिंड हातानं झाकून उभा. तिनं हात बाजूला केला.

"काका, पाठीवरचा पंख लई भारी जमलाय!"

"व्हय, तेच अवघड असतंय," मी म्हणालो.

आत बायकोला ठसका लागला. अजून खोकतीय.