यूटिंगने केलेले भाषांतर

बॉटनी डाउन्स, ऑकलंड
१० ऑगस्ट २०२५

चि. क्षितिज यास अनेक आशीर्वाद.

सूनबाई सुचित्राच्या हॉस्पिटलमधील रात्रपाळ्या चालू आहेत. थंडीने माझे गुडघे धरले आहेत. बाकी ठीक.

तू दमयंतीआत्याला कळवलेस की, अण्णांनी जुईच्या शाळेत भांडण केले आणि एका चिनी बाईंना रडवले. तुझ्या शुद्धलेखनाकडे काणाडोळा करतो. तपशिलाकडे करणार नाही. मी भांडलो नाही. आवाज चढवला, तोही एकदाच.

शेजारची यूटिंग दोन वर्षांपूर्वी चीनहून आली. जुईच्याच वर्गात आहे. ती डबा उघडेना, कोणाशी बोलेना, म्हणून शाळेच्या समुपदेशक बाईंनी तिच्या आईला बोलावले. आईला इंग्रजी येत नाही. मी बाहेर बाकावर होतो. ओळखीचा म्हातारा दिसताच तिने मला हाताला धरून आत नेले. आत दुभाषी कोण, तर खुद्द यूटिंग.

समुपदेशक बाई म्हणाल्या, "सकाळी जागच येऊ नये, असे हिला वाटते." यूटिंगने चिनी भाषेत काहीतरी सांगितले. आई हसली आणि मान लववून आभार मानू लागली.

मला चिनी येत नाही. परंतु ते वाक्य ऐकून कोणतीही आई हसणार नाही, इतके मला कळते. मी म्हणालो, "ज्याचे दुखते त्यालाच निरोप्या कसा करता? मोठ्या माणसाला बोलवा."

दारातून जुई पुटपुटली, "आजोबा, प्लीज. सो एम्बॅरसिंग."

अखेर फोनवर दुभाषी मिळाल्या. आईने सारे ऐकले आणि लेकीचे दप्तर पोटाशी धरून ती रडली. आता दोघी दर आठवड्याला जाणार आहेत, दुभाषींसह.

"मुळात तुम्ही तिथे बसला होतात कशाला?" या तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी टाळत होतो. यूटिंगनंतरची वेळ जुईची होती. तू नोकरीच्या गावाहून, रिकार्टनहून फोन करतोस, ती "स्वीट ॲज, बाबा", म्हणजे सगळे छान, असे म्हणते, आणि तू निर्धास्त होतोस. तुझी नोकरी नवी आहे, तुला सांगू नका, असे सुचित्राने बजावले होते. मी आज ते मोडत आहे.

आता तारखा नीट लिहून घे.

शाळेतील प्रसंग: बुधवार, ६ ऑगस्ट, शुक्रवार नव्हे.
जुई समुपदेशकांकडे प्रथम गेली: २१ मे. तू परीक्षेचा ताण म्हणशील, तर परीक्षा जूनमध्ये झाली. परीक्षेवर खापर फोडू नकोस.
जुईची पुढील भेट: बुधवार, २० ऑगस्ट, सकाळी दहा. आईवडील दोघांना बोलावले आहे. ही तारीख अद्याप चुकलेली नाही.

तोवर तुझ्या जागी बसणारा,
अण्णा