उशी एकदाच थरथरली

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द सवयीने लिहिलेला नाही. या वेळी मी खरोखरच आडवा पडून लिहितो आहे. (कारण पुढे येईल. ते आधी सांगून दया मिळवावी इतका मी घसरलेलो नाही. घसरलो आहे, पण तेही पुढे.)

तुझा डोळा कसा आहे? लाली उतरली का? तू माझा फोन घेत नाहीस, हे योग्यच आहे. हिच्याशी पडद्यांच्या कापडावर मनसोक्त बोलतेस आणि मी जवळ आलो की लाइन खराब होते, हेही योग्यच. पण दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आता करायचंच नाही, ‘एका डोळ्याने दिसतंय तेवढं पुष्कळ, त्या घरात तर जरा जास्तच दिसलं’ असं तू बाबांना सांगितलंस म्हणे. आत्या, राग माझ्यावर काढ. त्या डोळ्याने तुझं काय वाकडं केलंय?

त्या दुपारी नक्की काय झालं, ते मी तुला कधी धड सांगितलंच नाही. तेव्हा मी नुसताच ‘अगं, अगं’ करत उभा होतो. तर आता पहिल्यापासून सांगतो, आणि त्यासाठी माझी नोकरी काय आहे ते सांगावं लागेल, कारण गुन्ह्याचं मूळ तिथे आहे. कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. (म्हणजे मी सैन्यात नाही. तुझ्या शिवणवर्गातल्या बायकांना तू जे सांगून ठेवलंयस ते कृपा करून मागे घे.) त्याच्या हाताखाली पुष्कळ कामकरी असतात, त्यांना आम्ही थ्रेड म्हणतो. एखाद्याला आत्ता काम नसतं; कुणीतरी बटण दाबेल, मग तो हलणार. अशाला कारभारी सांगतो, बाबा रे, तू झोप, काम आलं की मी उठवतो. कारण जागून वाट बघणारा फुकटची वीज खातो आणि दुसऱ्याची जागा अडवतो. कामकऱ्यांना झोपवणं आणि वेळेवर उठवणं, एवढ्याच गोष्टीचा पगार मी इतकी वर्षं खातो आहे. हे ध्यानात ठेव, म्हणजे पुढचं वाचताना माझी लाज तुला पुरती कळेल.

तुझ्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणजे तुला दिसत काहीच नव्हतं. सुरुवातीला तुझी देखरेख बाबांकडे होती. तुला आठवत असेल, ते दर थोड्या वेळाने दारात उभे राहून ‘अक्का, काही हवंय का?’ विचारायचे. तू झोपलेली असलीस, तर ‘अक्का, झोपलीस का?’ असंही विचारायचे. त्यांचं पेपरवाचन बुडालं, तुझी झोप बुडाली आणि हवं-नको तर काहीच निघेना. मला राहवेना. आमच्या धंद्यात ही सर्वांत अडाणी पद्धत समजतात. मी बाबांना तसं तोंडावर सांगितलं. (तेही एक लाजेचंच प्रकरण, पण त्यांची माफी वेगळी मागेन.)

मग मी तुझ्या हातात घंटेचं बटण दिलं. सगळ्यांनी निवांत असावं, घंटा झाली की उठावं. झालं काय, की एक घंटा झाली आणि मी, ही, बाबा, तिघंही उठून धावलो, तुझ्या दारात एकमेकांच्या खांद्यात अडकलो, आणि तुला हवं होतं काय, तर उशी जरा वर. हिने उशी सरकवली आणि आम्ही दोघं कुरकुरत परत गेलो. हाही आमच्याकडचा नावाजलेला घोटाळा आहे. एका कामासाठी सगळी फौज उठवायची. यावर मी तो उपाय काढला, ज्याचं कौतुक मी पाहुण्यांसमोरसुद्धा केलं. घंटा काढली आणि उशीखाली ठेवायचं यंत्र बसवलं. तू बटण दाबलंस की ज्याची पाळी असेल त्याचीच उशी थरथरणार. बाकीचं घर शांत. आणि तुला बजावलं, ‘आत्या, एकदाच दाबायचं. एकदा पुरे. पुन्हापुन्हा दाबणं म्हणजे माझ्या यंत्रावर अविश्वास.’

ते वाक्य आता मला जेवताना ऐकू येतं.

त्या दुपारी पाळी माझी होती. तू गॅलरीत खुर्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावलीत. झोपण्यापूर्वी मी डोकावलो. तू स्वस्थ होतीस, तुला काही नको होतं. मी वळलो, वाटेत स्वयंपाकघरात थांबून पाणी प्यालो, भांडं विसळून ठेवलं (हिने बघावं म्हणून), आणि मग जाऊन आडवा झालो. आत्या, तेवढ्यात तू बटण दाबलं होतंस. उशी थरथरली, पण तिच्यावर डोकं नव्हतं. झोपलेल्याला उठवायचं यंत्र; मी अजून झोपलोच नव्हतो, म्हणून उठवणं वाया गेलं. आणि नंतर मी झोपलो, ते ‘आत्याला काही नकोय’ हे पक्कं डोळ्यांनी पाहून. मी तुझ्या हाकेची वाट बघत झोपलो होतो आणि तू मी उठण्याची वाट बघत बसली होतीस. दोघंही नियमाने वागत होतो. ऊन सरकलं, कपडे वाळून कडक झाले, डोळ्यात औषध घालायची वेळ टळली. तू दुसऱ्यांदा बटण दाबलं नाहीस, कारण मी बजावलं होतं.

शेवटी समोरच्या इमारतीतले निवृत्त मास्तर ओरडले, ‘अहो कर्नलसाहेब! आत्याबाईंना वाळत घातलंय का?’ अख्ख्या गल्लीने ऐकलं. मी उठून आलो तेव्हा तू एवढंच म्हणालीस, ‘उठलास का? बरं झालं. मला वाटलं, तुला बरं नाही.’ आत्या, त्यापेक्षा दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

याहून लाजेची गोष्ट अशी, की आमच्या कंपनीचं एक मशीन मध्येच झोपायचं ते उठायचंच नाही. मी छाती पुढे काढून ऑफिसातल्या वायरिंगवाल्या बाईंना दोष देत आलो होतो. तू पिशवी भरून आपल्या घरी निघून गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या मशीनसाठीचं माझं स्वतःचं लिखाण, म्हणजे प्रोग्राम, उघडलं. आधी काम आहे का बघायचं आणि मग झोपायचं, अगदी तस्संच लिहून ठेवलं होतं, मधल्या पाणी पिण्यासकट. खरी रीत उलटी आहे: आधी झोपणाऱ्यांत नाव लावायचं, मग पुन्हा एकदा बघायचं, आणि तेव्हाही काम नसेल तरच डोळे मिटायचे. म्हणजे मधल्या वेळात हाक आली, तरी ती तुमच्या नावावर पोचते. वायरिंगवाल्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला हे सुचलं कसं?’ मी म्हटलं, ‘असंच.’ बघ, अजूनही खरं बोलायची हिंमत नाही.

म्हणून विनंती एवढीच, की दुसऱ्या डोळ्यासाठी ये. चुकलं ते माझं, तुझं नाही.

तुझा नालायक भाचा

ता. क. घरात आता नवी रीत पाळतो. आडवा झालो की पुन्हा उठून गॅलरीत डोकावतो, मगच झोपतो. खुर्ची रिकामी असते, तरी डोकावतो. ही म्हणते, डोक्यावर परिणाम झालाय.

ता. क. २. परिणाम पायावर झाला आहे. असाच डोकावायला गेलो आणि ओल्या फरशीवरून घसरलो. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. बटण आता माझ्या हातात, यंत्र हिच्या उशीखाली. उशी थरथरली की ही कूस बदलते. ‘पुन्हापुन्हा दाबणं म्हणजे अविश्वास’, असं मलाच ऐकवते.

ता. क. ३. मला वेळेवर पाणी देतात ते फक्त बाबा. दर थोड्या वेळाने दारात येऊन विचारतात, ‘काही हवंय का?’ आजवर एकदाही चुकलेले नाहीत. झोपू मात्र देत नाहीत.

ता. क. ४. खरं सांगायचं तर हे पत्र त्यासाठीच. तुझा पलंग माझ्या खोलीत, माझ्या शेजारी लावून घेतला आहे. तुझ्या डोळ्यावर पट्टी असेल तेव्हा औषधाची वेळ मी बघेन. तोवर निदान मला पाणी देऊन झोपू देणारं माणूस मिळेल. बटण-बिटण काही नको. नुसती हाक मार, हवं तितक्या वेळा. मी जागाच असेन. उठता येणार नाही, एवढंच.